उभा फर्मा

मोताळ्याच्या आसपास गेल्या चाळीसेक वर्षांत ज्याचं ज्याचं लग्न झालं, त्याच्या मांडवाच्या दाराशी पुंजाजी सोनोने हात जोडून उभा होता. लग्न पाटलाच्या घरचं असो, वाण्याच्या घरचं असो, नाही तर मेंढ्या राखणाऱ्याच्या. पुंजाजीचं त्यांच्याशी नातं काय, असं विचाराल तर काही नाही. ना सोयरा, ना भाऊबंद, ना गावचा पुढारी. बोराखेडीच्या शिवारात वांगी आणि मेथी पिकवणारा, आठवडी बाजारात बसून ती विकणारा साधा माणूस. तरी वऱ्हाडाला पाणी मिळालं का, हे तोच बघणार. नवरदेवाच्या मामाला बिनसाखरेचा चहा लागतो, हे त्यालाच ठाऊक असणार. आणि पंगतीतला शेवटचा माणूस उठायच्या आत कोणी जेवायला बसलेला दिसला, तर तो पुंजाजी नव्हे, दुसराच कोणी समजावा.

हे सगळं एका चुकीमुळं झालं, आणि ती चूक कळायची तर छापखान्यात शिरावं लागेल.

बाजाराच्या गल्लीत उत्तमराव खर्च्यांचा छापखाना होता. पायानं चालवायचं मशीन, खिळ्यांनी भरलेल्या लाकडी पेट्या आणि कपड्यांतून कधीही न जाणारा शाईचा वास. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, ते लोखंडी चौकटीत बसवून पाचरी ठोकून घट्ट आवळायचं, की झाला फर्मा. छपाई संपली की पाचरी काढायच्या आणि प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. या परत टाकण्याला जुळवण्याइतकाच वेळ लागतो आणि मजा मात्र काडीची नसते.

म्हणून लग्नपत्रिकांसाठी उत्तमरावांनी सोपा मार्ग काढला होता. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘अगत्य येण्याचे करावे’पर्यंत सगळ्या लग्नांचा मजकूर सारखाच, मग तो दरवेळी मोडायचा कशाला? नवरा बदलायचा, नवरी बदलायची, तिथी आणि गाव बदलायचं, बाकी जसंच्या तसं. असा न मोडता ठेवलेला फर्मा म्हणजे उभा फर्मा. आज हा शब्द मोताळ्याच्या कॉलेजातल्या पोरांपुढे काढला, तर ती म्हणतील, काका, स्लॅबचं काम काढलं का? शब्दाला आता विचारणारं कोणी उरलेलं नाही.

पुंजाजी तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. वडील नव्हते, म्हणून बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेत अगदी तळाशी त्याचं नाव आलं : ‘आपल्या स्वागतास उत्सुक – पुंजाजी लक्ष्मण सोनोने’. लग्न झालं, बहीण नांदायला गेली आणि फर्मा उभाच राहिला. त्यानंतरची पत्रिका होती नारायणराव देशमुखांच्या मुलीची. नारायणराव म्हणजे मोठा बागायतदार, रागाला आला की बैलसुद्धा दावणीला गप्प उभे राहायचे. उत्तमरावांनी वरची नावं बदलली, तिथी बदलली, ठिकाण बदललं. तळाची ओळ तेवढी राहून गेली. आणि ती कुणी पाहायच्या आत पत्रिका नवऱ्याकडच्या गावापर्यंत वाटून झाल्या.

चूक कळली ती घाईत राहून गेलेली देवापुढची पत्रिका ठेवताना. भटजींनी ती मोठ्यानं वाचली, तळाशी आले, चष्मा वर केला आणि विचारलं, “यजमान, हे सोनोने आपले कोण?”

नारायणराव तडक छापखान्यात. उत्तमराव मशीनच्या आडोशाला उभे राहून एवढंच म्हणाले, “फर्मा उभा होता, दादा. नाव राहून गेलं.” त्या दिवशी सगळा बाजार पोट धरून हसला.

हसला नाही तो पुंजाजी. त्याच्या डोक्यानं भलतंच घेतलं. शेकडो लोकांना छापील कागदावर सांगितलंय की हा माणूस तुमच्या स्वागताला उत्सुक आहे. आता लोक येणार आणि हा माणूस तिथं नसणार. म्हणजे खोटं कोण ठरलं? लग्नाच्या दिवशी तो पहाटेच दोन पोती वांगी घेऊन नारायणरावांच्या मांडवात हजर झाला. वरण-बट्टीचं जेवण, घोटलेल्या वांग्याशिवाय त्याला चव नाही, एवढं कारण त्याला पुरेसं वाटलं. नारायणराव काही बोलणार, तोवर जानोशावरून, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं त्या घरून, निरोप आला की नवरदेवाचे काका रुसले, थंडीच्या दिवसांत आंघोळीला गार पाणी दिलं म्हणून. घरातली मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत होती. पुंजाजीनं चुलीवरचा हंडा उचलला, जानोशावर नेला, काकांच्या पाठीवर स्वतः कढत पाणी ओतलं आणि ओतता ओतता यंदा कापूस किती निघाला ते विचारलं. काका बोलायला लागले ते जेवणापर्यंत थांबले नाहीत.

त्यानंतरच्या पत्रिकेतही त्याचं नाव होतं. मग मात्र तो छापखान्यात गेला.

“भाऊ, माह्यं नाव काढा ना आता.”

“फर्मा उभा हाये बे,” उत्तमराव मान वर न करता म्हणाले. “एक ओळ काढली तं सगळा ढिला होते. पुढच्या टायमाले पाहू.”

पुढचा टाइम आला, गेला. पुंजाजीनं पुन्हा विचारलं नाही. ज्या लग्नात नाव, त्या लग्नात तो. कधी वांगी घेऊन, कधी मेथी, दुष्काळात नुसता हात हलवत. लोकही ते धरूनच चालले. हळदीला हळकुंड लागतं तसा लग्नाला पुंजाजी लागायचा. त्याची बायको अंबूबाई म्हणायची, “लोकायच्या व्याह्याले इचारता, पोटभर जेवले का. मले इचारलं का कवा?” तो म्हणायचा, “तुह्या पत्रिकेत माह्यं नाव नवरदेव म्हणून होतं. स्वागताचं काम माह्याकडं नव्हतं.” यावर ती लाटणं दाखवायची, पण लग्नाला जाताना त्याची टोपी कडक इस्त्री करून तीच द्यायची.

एक गोष्ट मात्र त्यानं अंबूबाईलाही सांगितली नव्हती. दरवर्षी तुळशीचं लग्न झालं की मोसमाची पहिली पत्रिका हातात यायची आणि पुंजाजी ती खालून वर वाचायचा. आधी तळाची ओळ. ती दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. आपलं नाव कुणी प्रेमानं घातलेलं नाही, ते एका आळसाच्या जोरावर टिकून आहे, हे तो पुरतं जाणून होता. ज्या दिवशी उत्तमराव तो फर्मा मोडतील, त्या दिवशी आपण लोकांच्या लग्नातले कोणी नाही. नाव नको म्हणायला गेलेला हाच माणूस आता ते जाईल म्हणून भीत होता. हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार?

मागच्या दसऱ्याला छापखाना बंद झाला. उत्तमरावांच्या डोळ्यांना मोतीबिंदू, पोरं पुण्याला आणि पत्रिका सगळ्यांच्या मोबाईलवर. उत्तमरावांनी मशीनला हार घातला, पेढे वाटले आणि कुलूप लावलं. पुंजाजीनं पेढा खाल्ला, गोड मानून घेतला आणि घरी येऊन रात्रीचं जेवला नाही.

मग कार्तिक सरला आणि नारायणरावांच्या नातीचं, अनुपमाचं लग्न निघालं. नारायणराव आता नव्हते. त्यांचा मुलगा शेखर घर चालवत होता. त्याची बायको अक्षता घेऊन आली, तेव्हा पुंजाजी बाजारात होता. तिनं अंबूबाईच्या हातावर अक्षता ठेवल्या, दोघांनी यायचंच म्हणून बजावलं आणि पत्रिका मोबाईलवर पाठवते म्हणाली. संध्याकाळी अंबूबाईनं फोन उघडला. पत्रिकेतला गणपती सोंड हलवत होता, वरून फुलं पडत होती, सनई वाजत होती.

“खाली घे,” पुंजाजी म्हणाला.

अंबूबाईनं बोटानं खाली घेतलं. नवरी आली, नवरदेव आला, कार्यालयाचा पत्ता आणि नकाशा आला.

“अजून खाली.”

“खाली काहीच नाही. सरली.”

पुंजाजीनं फोन हातात घेऊन स्वतः पाहिलं. फुलं पडतच होती.

“बरं झालं,” तो म्हणाला. “सुटलो एकदाचा.” आणि टॉर्च घेऊन शेतात गेला. दुपारीच भिजवलेल्या वांग्यांना त्यानं पुन्हा पाणी सोडलं.

पुढचे दिवस तो उजाडल्यापासून शेतातच राहायला लागला. अंबूबाईनं एकदा विषय काढला. “अवो, चुकीनं आलं होतं नाव, चुकीनं गेलं. त्याचं काय घेऊन बसले?”

“म्हणूनच तं,” तो म्हणाला. “चुकीनं आलेलं मांगाव कसं? आपलं असतं तं भांडलो असतो.”

यावर अंबूबाईनं त्याची टोपी इस्त्रीला काढली.

शेवटी त्यानं ठरवलं की जायचं, पण पाहुणा म्हणून. पाहुण्यासारखं जायचं, पाहुण्यासारखं बसायचं, जेवून आहेर देऊन निघायचं. वांगी न्यायची नाहीत. जेवणाचा ठेका मलकापूरच्या केटररकडे होता, त्याला पुंजाजीच्या वांग्यांची गरज नव्हती. लग्नाच्या दिवशी त्यानं दिवाळीचा शर्ट घातला, दोघं ऑटोत बसून बुलढाणा रस्त्यावरच्या कार्यालयात आली आणि पुंजाजी थेट शेवटच्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसला. अंबूबाई बायकांत गेली. जाताना म्हणाली, “हात मांडीखाली दाबून बसा. नाही तं उठसान.”

दारात फेटे बांधलेले दोन भाड्याचे जवान उभे होते. येणाऱ्याच्या अंगावर यंत्रातून अत्तर उडवायचं आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघायचं, एवढंच त्यांचं काम. तळणी गावचे दोन म्हातारे काठी टेकत आले, अत्तराचा फवारा खाल्ला, शिंकले आणि कुठं बसावं म्हणून मधेच उभे राहिले. पुंजाजीचा एक पाय आपोआप पुढे झाला. त्यानं तो मागे घेतला. एका लेकुरवाळीला पाणी सापडत नव्हतं. पाण्याचे जार जिन्याखाली आहेत, हे त्यानं आल्याबरोबर पाहून ठेवलं होतं. तो छताच्या पंख्याकडे पाहत राहिला. आयुष्यात इतक्या लग्नांना गेला, पण लग्नात बसणं इतकं कष्टाचं असतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी येऊन टेकलं. काळा चष्मा, हातात काठी. उत्तमराव. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

“कोन, पुंजाजी? आन खुर्चीवर बसेल हाये?” उत्तमरावांनी चष्म्याखालून नीट निरखून पाहिलं. “माह्ये डोये अजून सुधरले नाही वाट्टे.”

“पाहुना म्हणून आलो, भाऊ.”

उत्तमराव “बरं बरं” म्हणाले आणि काठी पायांत उभी धरून बसले.

इतक्यात जिन्याकडे गडबड उडाली. वऱ्हाड अकोल्याचं होतं आणि वरच्या मजल्यावर उतरलं होतं. सकाळी मुलीकडच्या कुणा हुशार पोरानं दोन्ही घरांच्या मोबाईल ग्रुपवर टाकलं, नाश्ता तयार आहे, सर्वांनी खाली यावे. तरुण पोरं खाली आली, खाऊन गेली. नवरदेवाच्या घरचे मोठे जावई, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मात्र गादीवर मांडी घालून बसले ते बसलेच. त्यांचं म्हणणं एकच, मोबाईलवर बोलावणं म्हणजे बोलावणं नव्हे. आमच्याकडे माणूस येतो, हात जोडतो, मग आम्ही उठतो. जावई उठले नाहीत म्हणून वरबाप उठेना, वरबाप उठेना म्हणून नवरदेव अडकला, आणि खाली बँडवाला भोंगा पुसत बसला होता. शेखर स्वतः वर जाऊन हात जोडून आला, तर जावई म्हणाले, तुम्ही नवरीचे बाप, तुमच्यावर आमचा राग नाही, पण तुमच्या घरात बोलवायला माणूसच नाही का?

ही सगळी बातमी रांगेरांगेतून शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली. पुंजाजीनं दोन्ही हात खरंच मांडीखाली घातले.

आणि तेवढ्यात शेखर आला. घामाघूम, फेटा कानावर आलेला. “काका, तुमी इथं काऊन बसून राह्यले? म्या तुमाले दारात पायलं, सैपाकात पायलं, जिन्यात पायलं. चला वर. मुहूर्त टळून राह्यला.”

पुंजाजी उठला नाही. रागानं नव्हे. त्याला खरोखरच कळत नव्हतं. “शेखर, म्या कोन म्हणून जाऊ? पत्रिकेत माह्यं नाव नाही.”

शेखरचा चेहरा उतरला. “नाही?”

“नाही ना बाप्पा. तळापर्यंत पायलं.”

“पोट्टीनं मोबाईलवर केली, काका. म्या नुसतं नवरदेवाचं नाव पायलं आन पाठव म्हणलं.” शेखर खाली मान घालून उभा राहिला. “माह्याच्यानं चुकलं.”

“तुह्याच्यानं नाही चुकलं,” पुंजाजी समजावणीच्या सुरात म्हणाला, जणू रुसलेला शेखरच होता. “चुकलं तं तवाच होतं. फर्मा उभा होता म्हणून माह्यं नाव येत गेलं. आता फर्मा मोडला, नाव गेलं. यात राग कायचा? पन मंग मी आज कोनी नाही. त्या जावयानं इचारलं, तुमी कोन, तं काय सांगू?”

उत्तमरावांना हसू फुटलं. आधी ते नुसते खांद्यांनी हसले, मग काठी जमिनीवर आपटत, चष्मा काढून, डॉक्टरनं सांगितलेलं सगळं विसरून डोळे पुसत हसले.

“पुंज्या,” ते म्हणाले, “तू वांगे पिकोतो, म्हणून तुले माफ हाये. फर्मा कुठं चाळीस वर्सं उभा राह्यते बे?”

पुंजाजीनं मांडीखालचे हात बाहेर काढले.

“माह्या छापखान्यात खिळे होते किती? लग्नसराई सरली का शाळेचे पेपर यायचे, सोसायटीचे पावतीबुकं यायचे. इलेक्शन लागलं का सगळ्या पेट्या रिकाम्या व्हायच्या. लग्नाचा फर्मा उभा ठेवून मी पत्रकं कायनं जुळवली असती? आखाडात फर्मा मोडत होतो मी. दरसाली. खिळा न खिळा खनात जात होता. आन खिळा काय अमर असते? दाबून दाबून त्याचं तोंड बुजते. जुने खिळे वितळवाले द्यायचे, नवे आनायचे. तुह्या बहिणीच्या लग्नातला एक खिळा माह्याकडं दोन-चार वर्सांच्या वर राह्यला नसन.”

“मंग माह्यं नाव?”

“जुळवत होतो. दर तुळशीच्या लग्नाले, पयल्या पत्रिकेच्या येळेस. बाकी मजकूर जुळवला का शेवटी तुह्यी ओळ. तुह्या नावात दोन ज, आडनावात दोन न, आन माह्याकडं न ची नेहमी ओढाताण. तरी जुळवत होतो.”

बँडवाल्यानं खाली उगीच एक सूर काढून पाहिला. शेखर एकदा जिन्याकडे, एकदा उत्तमरावांकडे पाहत होता. पण तोही आता हलायला तयार नव्हता.

“पयली चूक माह्यी होती,” उत्तमराव म्हणाले. “आईच्यान. पन नारायणरावच्या पोरीचं लगन झालं आन दोन दिवसानं नारायणराव छापखान्यात आला. मले वाटलं, आता काही खरं नाही. मी मशीनच्या मांगं. तो म्हणे, माह्या पुतण्याची पत्रिका छापाची हाये. सगळं बदल, पन तळची ओळ काढशील तं याद राख. त्याच्या मांगून वाणी आला, तो म्हणे, नारायणरावच्या पत्रिकेत होतं तसं सोनोन्याचं नाव पायजे. मंग लोक घरून लिहूनच आनायले लागले. नवरीचं नाव खोडून दुरुस्त करत, तुह्यं नाव कवा खोडलेलं पायलं नाही. एका वर्सी धामणगावचा एक साहेब म्हणे, हा कोन सोनोने, उडवा त्याले. उडवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप सगळा गठ्ठा घेऊन परत आला. परत छापल्या.”

“हे खरं हाये, काका,” शेखर हळूच म्हणाला. “माह्या लग्नाच्या येळेस मी बाबांसंगं छापखान्यात होतो. बाबांनी आधी तुमचं नाव सांगतलं, मंग माह्यं.”

पुंजाजीनं टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. त्याला काय वाटत होतं ते सांगायला शब्द फार लागत नाहीत. त्याला आनंद झाला होता. सबंध आयुष्य तो एका चुकीची उधारी फेडतोय, असं समजून लोकांच्या दाराशी उभा राहिला होता, आणि ते लोक दरवर्षी, एकेक करून, त्याला बोलावत होते.

“मंग मले सांगतलं काऊन नाही, भाऊ?” त्यानं विचारलं. “मी नाव काढा म्हणाले आलो होतो. तुमी म्हणले, ओळ काढली तं ढिला होते.”

“होते का कुठं ढिला? एका ओळीच्या जागी दुसरी ठोकली का झालं.” उत्तमरावांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. “सांगतलं असतं, लोकायनं तुले मानानं बोलावलं हाये, तं तू काय केलं असतं? शर्ट घालून, फेटा बांधून, पुढच्या सोफ्यावर बसला असता. मानाचा मानूस पानी वाहात नाही, पुंज्या. तुले वाटे चूक झाली, म्हणून तू निभवाले धावत होता. मी म्हणलं, असंच राहू दे. लगनं चांगली होऊन राह्यली.” ते काठीवर रेलले. “आता छापखानाच नाही. आता कळलं तं कळलं. बस नाही तं उठ.”

पुंजाजी उठला.

शेखर वाट दाखवायला पुढे झाला, पण पुंजाजी त्याच्याही पुढे निघाला. जाता जाता त्यानं तळणीच्या म्हाताऱ्यांना पंख्याखाली बसवलं, लेकुरवाळीला जिन्याखाली जार आहेत म्हणून सांगितलं, फेटेवाल्या जवानाच्या हातातलं अत्तराचं यंत्र बंद केलं आणि त्याला म्हणाला, “मोबाईल खिशात ठेव आन हात जोड.” बायकांच्या घोळक्यातून अंबूबाईनं हे पाहिलं. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, “गेले पाहुने.”

जिना चढताना त्यानं नेहमीप्रमाणे मनात जुळवाजुळव केली. जावई अकोल्याकडचे, म्हणजे आधी सोयाबीनचं विचारायचं, मग उन्हाचं, मग चहाचं. वरच्या खोलीत दाटीवाटीनं वऱ्हाड बसलं होतं. मधोमध गादीवर जावई, मांडी घातलेली, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पुंजाजी त्यांच्यासमोर गेला, वाकला, हात जोडले.

“तुमी कोन?” जावयांनी विचारलं.

पुंजाजीनं सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. सोयाबीन गेलं, ऊन गेलं. आयुष्यभर रुसलेल्यांना बोलतं करणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हात तसेच जोडलेले. आनंदाचं रडू आहे हे जावयांना कुठून कळणार? पांढऱ्या केसांचा एक माणूस आपल्या रुसव्यापायी आपल्यासमोर उभा राहून रडतोय, एवढंच त्यांना दिसलं. सगळी खोली जावयांकडे पाहायला लागली. वरबापानंही पाहिलं, आणि त्या पाहण्यात बरंच काही होतं.

जावई गादीवरून ताडकन उठले. “अवो बाबा, रडता कायले? येऊन राह्यलो ना आमी. एवढं काय त्याच्यात.” त्यांनी स्वतःचा रुमाल काढून पुढे केला. “उठा रे सगळे. नवरदेवाले घ्या. मानूस रडून राह्यला तुमच्यापायी.”

पुंजाजीला सांगायचं होतं की तसं नाही. त्यानं मान हलवली, त्यामुळं जावई आणखीच घाबरले. त्यांनी त्याचा जोडलेला हात सोडवून आपल्या हातात घट्ट धरला आणि त्याला सांभाळत, एकेक पायरी उतरवायला सुरुवात केली. मागून नवरदेव, त्यामागं वरबाप, त्यामागं सगळं वऱ्हाड. खाली बँडवाल्यानं जीव तोडून सूर धरला. जिन्याच्या तोंडाशी शेखर उभा होता, त्याच्याशेजारी शालू सावरत अनुपमा कधीची आली होती, आणि मुंडावळ्या वर करून जिन्याकडे पाहत होती.

अर्ध्या जिन्यावर पुंजाजीला हसू यायला लागलं. डोळे वाहतच होते. जावई दर पायरीला विचारत होते, बाबा, जमते ना, जमते ना, आणि तो होकारार्थी मान हलवत हसत होता. रुसलेल्या माणसाची समजूत काढून त्याला खाली आणणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. आज त्याची समजूत काढून त्यालाच कोणीतरी खाली आणत होतं, आणि त्यानं हात सोडवून घेतला नाही.